दाजींची हाक

अभयारण्याच्या दक्षिण फाटकावर जो वनरक्षक होता, त्याला सगळे दाजी म्हणत. साहेब म्हणत, ड्रायव्हर म्हणे, फाटकावर तिकिटं फाडणारी बाई म्हणे, आणि ज्यांना ते लाकूडचोरीत धरून आणत तेही बेड्यांतले हात पुढे करून म्हणत, "दाजी, जरा सैल करा की." कारण सरळ होतं. जंगलाच्या कडेला जी वस्ती होती ती त्यांची सासुरवाडी. पहिली नेमणूक इथली, लग्न इथंच जमलं आणि बदली त्यांनी कधी मागितली नाही. बायकोच्या सख्ख्या भावाने दाजी म्हटलं, मग चुलतभावांनी, मग शेजारपाजाऱ्यांनी, आणि हळूहळू वस्तीतला प्रत्येक पुरुष त्यांचा मेहुणा होऊन बसला.

"अख्ख्या खात्यात इतके मेहुणे असलेला मी एकटाच," दाजी म्हणत. "आणि त्यातले निम्मे आरोपी."

कामाला सकाळी सुरुवात होई ती वायरलेसवर हजेरी देऊन. मग जीपवरची पाण्याची टाकी भरली आहे का ते बघायचं, मग झोडपण्या मोजायच्या. झोडपणी म्हणजे लांब दांड्याला ठोकलेले रबराचे पट्टे. गवतातली आग पाण्याने कमी आणि बडवून जास्त विझते. त्यानंतर गस्त, आणि गस्तीच्या मधे मधे लोक. लोकांचं काय सांगावं! कुणी किल्ली आत ठेवून गाडीचं दार लावून घेई. कुणी कड्याच्या कठड्यावर चढून फोटो काढता काढता खालच्या खडकावर जाऊन पडे, आणि मोडक्या पायाने स्ट्रेचरवर झोपलेला असताना दाजींनाच विचारी, "फोटो आला का बघता का जरा?" कुणी वाहनतळावरच्या गाड्यांच्या काचा फोडी. कुणी तंबूत दारू पिऊन शेजारच्या तंबूवर जाऊन कोसळे, आणि मग दोन कुटुंबांमधे उभं राहून दाजींना न्यायनिवाडा करावा लागे. आणि रोज कुणी ना कुणी हरवे.

"हरवलेला माणूस कधी कबूल करत नाही," दाजी नव्या पोरांना सांगत. "तो म्हणतो, मी इथंच आहे, रस्ताच कुठं गेला कळत नाही."

हरवलेल्यांना शोधण्याची एक रीत होती. ओळीत अंतर ठेवून उभं राहायचं, एकाने हाक मारायची, आणि मग सगळ्यांनी जागच्या जागी थांबून, श्वाससुद्धा जपून घेत ऐकायचं. हाक मारणं हे निम्मंच काम, उरलेलं निम्मं गप्प राहण्याचं. हाक नेहमी दाजी मारत. छातीतून निघणारा, रुंद, सावकाश आवाज. ओरडल्यासारखा वाटायचा नाही, पण दरीच्या पलीकडे पोचायचा. साहेब म्हणत, "वायरलेस बिघडला तरी भागेल. दाजींना सर्दी होता कामा नये." एकदा दम्याची एक बाई ओढ्याच्या घळीत अडकली होती. बाहेर काढल्यावर ती म्हणाली, "तुमचा आवाज आला आणि मला रडू फुटलं. इतक्या सावकाश हाक मारणारा माणूस मला टाकून जाणार नाही, असं वाटलं."

दाजींनी हे बायकोला सांगितलं होतं. एकदा नाही, अनेकदा. बायको म्हणाली होती, "पुरे आता. त्या बाईचा नवरा ऐकेल."

तर असा तो आवाज. त्याचं दाजींनी पुढे काय केलं ते सांगायला हवं.

जुन्या दगडखाणीच्या मागे जंगलातली सगळ्यात म्हातारी झाडं होती. त्यांच्या लाकडाला बाहेर फार मागणी. वस्तीतले काहीजण तिथे करवत घेऊन जात. यंत्राची नव्हे, हाताची करवत, म्हणजे आवाज लांब जात नाही. त्यांच्यात दाजींचा सख्खा मेहुणाही होता. दोन बोटं तोंडात घालून तो अशी शीळ घाली की ओढ्यापलीकडची गुरं माना वर करत, म्हणून त्याला सगळे शिट्टी म्हणत. बायकोचा सगळ्यात धाकटा भाऊ. आई लवकर गेली तेव्हा तिनेच त्याला कडेवर वागवलं होतं. त्याच्याबरोबर नेहमी असे तो करवत्या, शिट्टीचा लहानपणापासूनचा जोडीदार, बोलायला कमी आणि कापायला पटाईत.

त्यांना धरणं अवघड होतं. जीपची चाहूल लागली की ते खाणीभोवतीच्या दाट काटेरी झुडपांत शिरून बसत. तिथे चार हातांवर बसलेला माणूसही दिसत नाही. दाजी पोचेपर्यंत उरे तो ऊबदार भुसा आणि अर्धवट कापलेला बुंधा. असं चार-पाचदा झाल्यावर साहेब एक दिवस चहा पिता पिता म्हणाले, "दाजी, सासुरवाडीवर माया असणारच हो. आम्ही समजू शकतो."

बाकीचे हसले. दाजीही हसले. पण ते वाक्य त्यांच्या पोटात गेलं आणि पचलं नाही. इतकी वर्षं सरळ मानेने नोकरी केलेल्या माणसाला सगळं चालतं, अशी माया चालत नाही.

दाजींनी डोकं चालवलं. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला लहानपणापासून एकच गोष्ट शिकवलेली असते: आग म्हटलं की हातातलं टाकायचं आणि निघायचं. मग तो चोर असो की राखणदार. दाजींनी वाऱ्याच्या बाजूला, मोकळ्या मातीवर ओल्या गवताचा ढीग पेटवला. धूर दाट, जाळ नाही. तो खाणीकडे चांगला पसरू दिला. मग पायवाटेवर उभं राहून त्यांनी हाक दिली. नेहमीची सावकाश नव्हे. गळा काढून, फाटलेल्या आवाजात, "आग! आग आली रे! बाहेर या! कुणी असाल तर बाहेर या, पकडत नाही, शपथ घेतो, बाहेर या!"

ते आले. झुडपं फोडून, करवती टाकून, अंगावर ओरखडे घेऊन आले. सगळ्यात आधी शिट्टी आला. पळत तो सरळ दाजींकडेच आला आणि धापा टाकत म्हणाला, "दाजी, वस्तीला कळवलं का? ताईला कळवा, आमच्या म्हाताऱ्याला उचलून न्यावं लागेल..."

दाजींनी त्याचं मनगट धरलं. झाडांमागून बाकीचे रक्षक पुढे झाले. शिट्टीला कळायला थोडा वेळ लागला. तो धुराकडे बघत होता, दाजींच्या तोंडाकडे बघत होता.

ड्रायव्हर हसून हसून जीपच्या बॉनेटवर आडवा झाला. "दाजी, तुम्ही नाटकात का नाही गेलात? शपथ घेतो म्हणे! अहो, माझ्याच डोळ्यांत पाणी आलं!"

त्या वर्षी दाजींचा सत्कार झाला. साहेबांनी ही गोष्ट वरपर्यंत कळवली आणि तिला 'धुराची युक्ती' असं नाव पडलं. दुसऱ्या जंगलांतले रक्षक भेटले की विचारत, "ते धुरवाले तुम्हीच का?" दाजी मान डोलावत.

बायकोने आरडाओरडा केला नाही. भाऊ तुरुंगात गेला तेव्हा ती त्याचे कपडे घड्या घालून पिशवीत भरत होती. वर न बघता म्हणाली, "धरलंत त्याचं काही नाही. चोरी केली, धरला. पण आग नसताना आग म्हणायला नको होतं."

"अगं, युक्ती होती ती."

"हं," ती म्हणाली आणि पिशवीची गाठ मारली.

काही महिन्यांनी शिट्टी सुटला आणि बहिणीकडे जेवायला आला. दाजी जरा अवघडून बसले होते, पण तो नेहमीसारखाच होता, वाळलेला तेवढा. पानावर बसल्या बसल्या त्याने नाक वर करून वास घेतला.

"ताई, काहीतरी करपतंय."

"काही करपत नाहीये."

"मग दाजींनी ओलं गवत पेटवलं असेल. मला आणखी कुठं नेताय का, दाजी? जेवू तरी द्या."

दाजींना हसू आलं. "तू सुधारशील तर बरं."

"मी सुधारलो, दाजी! आता तुम्ही कितीही रडा, मी जागचा हलणार नाही. खरी आग लागली ना, तरी मी आधी ताट संपवीन, हात धुवीन, आणि मग बघीन."

सगळे हसले. बायको हसली नाही. तिने भावाला आणखी वाढलं आणि म्हणाली, "असलं बोलू नये." पण थट्टा जमली होती, आणि जमलेली थट्टा कुणी अर्ध्यावर सोडत नाही. पुढे वस्तीत तिचा खेळच झाला. दाजींची जीप दिसली की पोरं झाडांमागे लपून गळा काढत, "आग आली रे, शपथ घेतो!" आणि खिदळत पळून जात. दाजी खिडकीतून बोट दाखवून दटावत. मनातून त्यांना त्याचं थोडं कौतुकही होतं. माणसाची नक्कल उगाच होत नाही, असं त्यांना वाटे.

त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात खरी आग लागली.

कुठून लागली ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुपारी पश्चिमेच्या डोंगरधारेवर धूर दिसला आणि वारा असा सुटला होता की वायरलेसवर बोलणाऱ्याचा आवाज वाऱ्यातच विरून जाई. हिवाळ्यात जाळून ठेवलेली जाळरेषा, म्हणजे आगीला खायला काही उरू नये म्हणून आधीच जाळलेला गवताचा पट्टा, आगीने ठिणग्या उडवून सहज ओलांडली. दाजींनी पाहुणे बाहेर काढायला सुरुवात केली. तंबूवाले ऐकत नव्हते. एक गृहस्थ म्हणाले, "आमचं उद्यापर्यंतचं आरक्षण आहे." दाजींनी त्यांच्या तंबूचे खुंटे स्वतः उपटले. एक आजीबाई गाडीत बसायलाच तयार नव्हत्या, त्यांची चप्पल सापडत नव्हती. दाजींनी त्यांना चपलेशिवाय उचलून बसवलं. फाटक बंद केलं, साखळी लावली, आणि वळले तर समोर बायको उभी.

ती वस्तीपासून चालत नव्हे, पळत आली होती. पदर सुटलेला, श्वास लागलेला.

"तो घरी नाही," ती म्हणाली.

"कोण?"

"कोण काय विचारता? करवत पण नाही घरात. दोघं गेलेत. खाणीच्या मागं." मग थांबून म्हणाली, "इतक्या वर्षांत माहेरची एक गोष्ट तुम्हाला सांगितली नाही. आज सांगतेय. जा आणि आणा त्याला."

दाजींनी धारेकडे बघितलं. धूर खाणीच्या दिशेने झुकत होता. वेळ होता, पण फार नव्हता.

"आणतो," ते म्हणाले आणि जीपकडे धावले.

ती मागोमाग आली आणि जीपचं मागचं दार धरलं. "मला घ्या. तुमच्या हाकेला तो येणार नाही. माझ्या हाकेला येईल."

"वेडी आहेस का? आगीत बाहेरच्या माणसाला नेता येत नाही. नियम आहे."

"मी बाहेरची?"

"नियमाने तू बाहेरचीच. दार सोड."

"अहो, ऐका माझं. तुम्ही हाक मारलीत तर तो आणखी आत जाऊन बसेल."

"एवढा मूर्ख नाही तो. धूर दिसत असेल ना त्याला."

"धूर त्याला मागंही दिसला होता."

दाजींनी तिची बोटं दारावरून काढली. हळूच काढली, पण काढली. ड्रायव्हरने गाडी सोडली. आरशात ती फाटकाच्या साखळीला धरून उभी असलेली दिसत होती, मग वळण आलं.

खाणीपाशी पोचले तेव्हा ऊन तांबडं झालं होतं आणि राख भुरभुरत होती. अजून जाळ दिसत नव्हता, पण त्याचा आवाज येत होता, दूरवर मोठ्या कापडाचे तागे कुणीतरी फाडत असल्यासारखा. दाजी पायवाटेवर उतरले. त्याच पायवाटेवर. तिथे ताजा भुसा पडलेला होता आणि अर्धा कापलेला बुंधा. म्हणजे दोघं जवळच होते, जीपची चाहूल लागून नुकते लपले होते.

दाजींनी तोंडाभोवती हात धरले. "आग आली! बाहेर या!"

आणि मग रीतीप्रमाणे ते गप्प झाले. ऐकलं. झुडपं हलली नाहीत.

"शिट्टी! अरे खरी आग आहे! या वेळी खरी आहे!"

काही नाही.

"पकडत नाही! शपथ घेतो!"

हे म्हणून झालं आणि दाजींच्या लक्षात आलं की हेही त्यांनी मागे म्हटलं होतं. आग म्हणून झालं होतं, शपथ घेऊन झाली होती, गळा काढून झाला होता. धूरसुद्धा वापरून झाला होता. खरं सांगायला म्हणून जो जो शब्द ते शोधू लागले, तो तो आधीच खोट्यात खर्ची पडलेला होता.

"बाहेर येऊ नकोस!" ते ओरडले. "येऊ नकोस बाहेर! नुसती शीळ घाल! एकदा शीळ घाल, मी तिथं येतो!"

त्यांनी कानोसा घेतला. कापड फाटल्याचा आवाज जवळ आला होता. ते काट्यांत शिरले, हातांनी झुडपं फाडत निघाले. बाही फाटली, कानापाशी रक्त आलं. "तुझ्या ताईनं पाठवलंय रे! ताईनं सांगितलं मला, तू इथं आहेस म्हणून! तिच्यासाठी ये!" आता ते रडत होते. खरंच रडत होते, आणि आवाज तसाच फाटला होता, जसा तेव्हा मुद्दाम फाडला होता.

ड्रायव्हरने मागून येऊन त्यांना कमरेला धरलं. "दाजी, चला. आता आपणही राहणार नाही."

"इथंच आहेत ते. इथंच आहेत!"

"चला म्हणतो ना!"

त्याने त्यांना ओढत जीपमधे घातलं. निघताना दाजींनी जीपचा हॉर्न वाजवायला सांगितला. ड्रायव्हरने वळणापर्यंत बटणावरून हात काढला नाही.

करवत्या सापडला तो ओढ्यात, गळ्यापर्यंत पाण्यात बसलेला, पाठ आणि हात भाजलेले. शिट्टी सापडला खाणीच्या कडेला, काट्यांत दडलेल्या जुन्या यंत्राच्या खड्ड्यात. वर पत्रा होता. लपायला तशी जागा साऱ्या जंगलात नव्हती. जाळ त्याच्यापर्यंत आलाच नाही, धूर आला. दाजी काट्यांत जिथवर शिरले होते, तिथून तो खड्डा हाकेच्या अंतरावर कसला, हात लांब केला असता तर पत्र्याला लागला असता.

इस्पितळात करवत्या पालथा झोपलेला होता. दाजी आणि त्यांची बायको पलंगापाशी उभे राहिले. विचारावं की नाही हे दाजींना ठरवता येत नव्हतं. बायकोने विचारलं.

"हाक ऐकू आली होती?"

"आली ना," करवत्या उशीत तोंड ठेवूनच म्हणाला. "सगळी आली."

"मग?"

"मी उठत होतो. त्यानं मला खाली ओढलं. म्हणाला, बस, दाजी आहेत. मग दाजी रडायला लागले. तेव्हा मी म्हटलं, अरे, हे खरं वाटतंय. तर तो हसला. म्हणाला, या वेळी रडणं बरं जमलंय त्यांना."

नर्स आली आणि सलाईनची बाटली बदलून गेली.

"मग धूर फार झाला तेव्हा मी पळालो. त्याला म्हटलं चल. तो म्हणाला, तुला धरतील बघ वाटेवर. मला आता परत आत जायचं नाही." करवत्याने मान दुसऱ्या बाजूला वळवली. "तुरुंगाला भीत होता तो, ताई. दाखवत नव्हता."

दाजींची चौकशी झाली, पण ती नावापुरती. साहेबांनी स्वतः बोलावून घेतलं आणि खांद्यावर हात ठेवला. "तुमच्यावर काही येत नाही, दाजी. तुम्ही जिवावर उदार होऊन हाक दिलीत, ड्रायव्हर साक्षीला आहे. त्यांनी ऐकलं नाही, त्याला कोण काय करणार? आणि बायकोला सोबत नेलं नाहीत हे तर फारच योग्य केलंत. नियम म्हणजे नियम."

"साहेब," दाजी म्हणाले, "ती धुराची युक्ती शिकवणं तेवढं बंद करा."

साहेबांनी हात खांद्यावरून काढला. "ते आता माझ्या हातात कुठं आहे? ते वरून सगळीकडे गेलंय. आणि खरं सांगू का, चांगली युक्ती आहे हो. तुमचं दुःख मी समजतो, पण युक्तीचा त्यात काय दोष?"

दाजी बाहेर आले. पुढच्या प्रशिक्षणात ती युक्ती शिकवली गेली. दाजींना बोलावणं आलं होतं, ते गेले नाहीत. मग कुणीतरी दुसऱ्याने ती हाक मारून दाखवली, आणि पोरं हसली म्हणे.

घरात बायकोने भांडण काढलं नाही. भांडली असती तर दाजींना बरं वाटलं असतं. ती वेळेवर डबा देई, गणवेशाची फाटलेली बाही तिनेच शिवली. फक्त, दाजींनी दुसऱ्या खोलीतून हाक मारली तर ती येत नसे. ओ देत नसे, येत नसे. सुरुवातीला दाजींना वाटलं, ऐकू आलं नसेल. मग कळलं. तेव्हापासून काही हवं असलं की ते उठून तिच्यापर्यंत चालत जात आणि समोर उभं राहून हळू आवाजात सांगत. मग ती करी. घरातलं बोलणं असं हाताच्या अंतरावर आलं.

जंगलातही त्यांनी हाक मारणं सोडलं. हरवलेल्यांच्या शोधात ते ओळीच्या टोकाला उभे राहत आणि म्हणत, "दुसऱ्या कुणीतरी मारा रे. माझा घसा बरा नाही."

वर्ष सरलं. पुन्हा उन्हाळा आला, आणि या वेळी आग वस्तीच्या बाजूला वळली. धार उतरून ती गवताळ उतारावर आली तेव्हा हुकूम सुटला: वस्ती रिकामी करा, सगळ्यांना नदीपलीकडे शाळेच्या मैदानावर न्या. दाजी आणि ड्रायव्हर जीप घेऊन वस्तीत शिरले. ड्रायव्हरने हातातल्या भोंग्यावरून सांगितलं. दारं लागलेली होती. उन्हाच्या वेळी लोक दारं लावूनच बसतात. डोंगर मधे असल्यामुळे जाळ कुठून दिसत नव्हता, आभाळ तेवढं गढूळ झालं होतं.

"सगळ्यांनी बाहेर या! आग येतेय!" ड्रायव्हर ओरडला.

कुठल्याशा घरातून उत्तर आलं, "कुणाला धरायचंय आज, दाजी?"

दुसऱ्या घरातून कुणीतरी म्हणालं, "शपथ घ्यायची राहिली!" पण या वेळी कुणी हसलं नाही. ती थट्टा नव्हती. एक दार किलकिलं झालं, म्हातारीने जीपकडे पाहिलं आणि कडी घालून घेतली.

ड्रायव्हर दाजींकडे बघत राहिला. "दाजी, तुम्ही बोला की. आता नाही तर कधी?"

दाजी बोलले नाहीत. त्यांनी गाडी वळवायला सांगितली.

फाटकाजवळच्या आपल्या घरी पोचल्यावर ते ओसरीतून ओरडले नाहीत. आत गेले. बायको बादलीत कपडे पिळत होती. ते तिच्यासमोर उभे राहिले.

"वस्तीकडं आग चाललीय. माझं कुणी ऐकत नाही. तू चल."

तिने हातातलं कापड खाली ठेवलं. "नियम?"

दाजींनी मान खाली घातली. ती उठली. मग हात पदराला पुसत बाहेर गेली आणि जीपमधे पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी, दाजींच्या जागेवर बसली. दाजी मागे चढले.

तिने भोंगा घेतला नाही. वस्तीच्या तोंडाशी उतरून ती घराघरासमोरून चालत गेली आणि एकेकाला हाक मारत गेली. काका. वहिनी. म्हातारे बाबा. "अरे ए, ऊठ, बाळाला घे." आवाज मोठा नव्हता. घशात राख गेल्यामुळे मधेच फाटतही होता. दारं उघडत गेली. लोक बाहेर आले, कुणी गाठोडं घेऊन, कुणी शेळी ओढत, कुणी म्हाताऱ्याला पाठुंगळी मारून. कुणी तिला विचारलं नाही की खरं का. करवत्या शेवटच्या घरातून निघाला. जीपजवळून जाताना त्याने दाजींकडे पाहिलं आणि न थांबता तिच्या मागे चालू लागला.

उतारावर जाळ दिसू लागला तेव्हा वस्तीत फक्त कोंबड्या उरल्या होत्या.

शाळेच्या मैदानावर सगळी माणसं गोळा झाली. बायको त्यांच्यात फिरून डोकी मोजत होती, कुणाला पाणी देत होती. मग ती जीपपाशी आली. आतून तिने काही घेतलं नाही, घ्यायला काही नव्हतंच.

"मी राहते इथंच," ती म्हणाली. "यांच्यात."

"आज का?"

तिने दाजींकडे पाहिलं. रागाने नव्हे, आणि तेच त्यांना सहन झालं नाही. "त्या दिवशी मला नेलं असतं तर," ती म्हणाली, "एवढाच वेळ लागला असता."

ती वळली आणि गर्दीकडे चालू लागली. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं, पण गाडी हलवली नाही. तो आरशातून मागे बघत होता.

"दाजी, हाक मारा ना वहिनींना. अजून लांब नाही गेल्या."

दाजींनी झोडपणी गुडघ्यांमधे उभी धरली. गर्दीत तिच्या पाठीवरचा पदर एकदा दिसला, मग त्याच्यासारखेच बरेच दिसू लागले.

"चल," ते म्हणाले. "उताराला पोरं एकटीच बडवतायत."